त्वचेवरचा ‘मृत’ थर घासून काढावा का?

प्रश्न : मी 38 वर्षांची आहे. त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो आणि तो काढत राहिल्यास खालची नवी, उजळ त्वचा वर येते, असे वाचल्यामुळे गेले चार महिने मी रोज चेहरा, मान आणि हात खरखरीत घासणीने घासते. शिवाय आठवड्यातून तीनदा रात्री मृत पेशी काढणारे आम्लाचे द्रावण लावते. घासताना दर वेळी मळाच्या वळ्या निघतात, त्यामुळे अजून बरेच काढायचे शिल्लक आहे असे वाटते. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसला. आता मात्र तो ताणल्यासारखा वाटतो, नुसते पाणी लागले तरी झोंबतो आणि गालांवर तपकिरी छटा आली आहे. हे नवी त्वचा येण्याआधीचे लक्षण आहे का? माझी दुसरी अडचण अशी की त्वचेला नेमके थर किती, हेच मला कळत नाही; कुठे दोन, कुठे तीन, कुठे पाच आणि कुठे सात लिहिलेले असते. कोलॅजेन असलेली क्रीम यांपैकी कोणत्या थरापर्यंत पोहोचते? आणि माझ्या 76 वर्षांच्या आईच्या हाताला जरा धक्का लागला तरी कातडी सोलली जाते, तिचे नेमके काय झाले आहे?

उत्तर : थरांची मोजणी आपण करूच, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. आज रात्रीपासून घासणी आणि आम्लाचे द्रावण, दोन्ही बंद करा. हळूहळू कमी करण्याची गरज नाही, पूर्ण बंद करा. चेहऱ्याला नुसते पाणीही झोंबते, हे तुम्ही ओघात लिहून गेला आहात. माझ्या दृष्टीने मात्र तुमच्या पत्रातले ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. निरोगी त्वचेला पाणी झोंबत नाही. ते झोंबू लागले, की बाहेरच्या जगापासून आपल्याला वेगळे ठेवणारी भिंत जागोजागी झिजली आहे असे समजावे. नवी त्वचा येण्याचे हे लक्षण नाही, आणि चार महिन्यांऐवजी आठ महिने घासले तरी ती तशी येणार नाही. असे का, हे थरांची रचना पाहिली की आपोआप उलगडेल.

थरांच्या संख्येबद्दल तुमचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण तुम्ही वाचलेले सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मोजणारे वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात, इतकेच. त्वचेचे मुख्य भाग दोन : वरची पातळ बाह्यत्वचा आणि तिच्या खालची जाड, चिवट अंतस्त्वचा. गर्भावस्थेत या दोघींचा उगमही वेगवेगळा असतो. बाह्यत्वचा गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या स्तरापासून बनते, तर अंतस्त्वचा मुख्यतः मधल्या स्तरापासून. अंतस्त्वचेच्या खाली चरबीचा थर असतो. त्याला त्वचेचाच भाग मानले की आकडा तीन होतो, आणि त्वचेला खालच्या स्नायूंशी जोडणारा तो निराळा थर आहे असे मानले की आकडा दोनवरच राहतो. पाच हा आकडा फक्त बाह्यत्वचेच्या पोटथरांचा आहे, आणि तोही तळहात व तळपायांपुरता. त्यांतला एक पारदर्शक पोटथर इतरत्र आढळत नाही, म्हणून तुमच्या गालावर ते चारच आहेत.

सात हा आकडा बहुधा सुश्रुतसंहितेतून तुमच्यापर्यंत आला असावा. तिच्या शारीरस्थानात अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी आणि मांसधरा अशा सात त्वचा सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीची जाडी व्रीहीच्या, म्हणजे साळीच्या दाण्याच्या, मापाने दिली आहे. चरकसंहितेत मात्र त्वचा सहा मानल्या आहेत. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात कुणीतरी त्वचेकडे इतक्या बारकाईने पाहिले आणि तिच्या थरांना माप लावण्याचा प्रयत्न केला, याचे मला मनापासून अप्रूप वाटते. पण त्या सातांची आजच्या थरांशी एकास एक जोडी लावू नये, कारण आज आपण जे थर मोजतो ते भिंगाखाली पेशी पाहून ठरवलेले आहेत. ते काम सतराव्या शतकात मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञापासून सुरू झाले आणि बाह्यत्वचेच्या खालच्या, जिवंत भागाला आजही काही ठिकाणी त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

तुमच्या त्रासाचे उत्तर बाह्यत्वचेत आहे, त्यामुळे तिच्यापाशी थोडे अधिक थांबू. ती किती पातळ आहे, याची सहसा कुणाला कल्पना नसते. पापणीवर तिची जाडी सुमारे 0.05 मिलिमीटर असते आणि तळपायासारख्या जाड जागीही ती साधारण दीड मिलिमीटर भरते. तिच्यात एकही रक्तवाहिनी नसते. खालच्या अंतस्त्वचेतील केशवाहिन्यांमधून झिरपत येणाऱ्या पोषणावरच ती जगते. तिच्यातील दहापैकी सुमारे नऊ पेशी केराटिन नावाचे चिवट प्रथिन बनवणाऱ्या असतात. नखे आणि केस ज्या प्रथिनाचे बनलेले असतात, तेच हे. या पेशींचा जन्म सर्वांत खालच्या, पायाच्या पोटथरात होतो. तिथे एक पेशी दुभंगते, तिचा एक भाग पायाला धरून राहतो आणि दुसऱ्याचा वरच्या दिशेने प्रवास सुरू होतो.

या प्रवासात पेशी आधी काटेरी पोटथरात येते. काटेरी हे नाव भिंगाखालच्या दिसण्यावरून पडले आहे. शेजारच्या पेशींशी ती शेकडो सूक्ष्म सांध्यांनी जखडलेली असते आणि तपासणीसाठी तयार केलेल्या नमुन्यात पेशी आक्रसल्या, की हे सांधे काट्यांसारखे उभे राहिलेले दिसतात. त्यानंतर ती कणीदार पोटथरात पोहोचते आणि तिथे जे घडते ते मला शरीरातील सर्वांत विलक्षण घटनांपैकी एक वाटते. पेशी आपले केंद्रक स्वतःच विरघळवते, आतील यंत्रणा मोडीत काढते, केराटिनचे धागे घट्ट बांधून घेते, स्वतःभोवती प्रथिनांचे कठीण कवच तयार करते आणि साठवलेली स्निग्ध द्रव्ये शेजारच्या फटींमध्ये ओतून देते. मग ती मरते. हा मृत्यू झिजेचा किंवा दुखण्याचा नसतो. तिच्या सगळ्या आयुष्याची तयारी याच क्षणासाठी झालेली असते, कारण तिचे खरे काम मेल्यानंतर सुरू होते.

अशा मेलेल्या, चपट्या, कवचबंद पेशींच्या साधारण पंधरा ते वीस पदरांनी सर्वांत वरचा पोटथर बनतो. त्याला कॉर्नियम म्हणतात, आणि तुम्ही चार महिने ज्याच्याशी झगडत आहात तो हाच. चेहऱ्यावर किंवा हातावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. त्याची रचना समजावताना विटांच्या भिंतीची उपमा देतात आणि ती अगदी चपखल आहे. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधल्या फटींत भरलेली सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हा चुना. शरीरातले पाणी उडून जाऊ नये आणि बाहेरचे जंतू, रसायने व धूळ आत येऊ नयेत, या दोन्ही गोष्टींचा मुख्य भार एवढ्याशा भिंतीवर असतो. मोठ्या क्षेत्रावर भाजलेल्या रुग्णाच्या जिवाला सुरुवातीच्या तासांमध्येच धोका का निर्माण होतो, याचे एक कारण हेच; भिंत गेलेली असते आणि शरीरातले पाणी अडवायला काही उरलेले नसते. विटांच्या आतही पाणी धरून ठेवण्याची सोय असते. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन ओलावा ओढून घेणारी द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे हा निर्जीव थर मऊ राहतो. या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर त्वचा जन्मभर कोरडी राहू शकते आणि इसब होण्याचा धोका वाढतो, हे 2006 साली स्पष्ट झाले. एका प्रथिनाच्या कमतरतेने भिंत इतकी कमकुवत होत असेल, तर ती रोज खरवडल्यावर काय होईल, याचा अंदाज तुम्हाला करता येईल.

आता मळाच्या वळ्यांविषयी. ओल्या त्वचेवर दाब देऊन घासले की करड्या वळ्या निघतात, आणि त्या दिसल्या की आपण अस्वच्छ होतो, आता स्वच्छ झालो, असा समाधानाचा भाव मनात येतो. त्या वळ्यांमध्ये धूळ आणि तेलकटपणा थोडा असतो. बाकीचा बराचसा भाग म्हणजे पाण्याने फुगून सैल झालेल्या विटा आणि त्यांच्यातला चुना असतो. त्या रोज निघतात याचे कारण घाण शिल्लक आहे हे नाही. तुम्ही काढता आहात आणि शरीर पुन्हा बांधते आहे, म्हणून त्या निघतात. ज्या विटांचे काम संपले आहे त्या आपल्या आपण सुटतात. दोन विटांमधले सांधे कापणारी विकरे त्वचेतच असतात आणि हा झडण्याचा क्रम दिसणारही नाही इतका बारीक चालू असतो. पायाच्या थरापासून वर येऊन गळून पडेपर्यंत एका पेशीला साधारण चार आठवडे लागतात; वयानुसार हा काळ वाढतो. त्यातले सुमारे दोन आठवडे ती भिंतीत उभी असते. तुमच्या घासणीने तिला त्या दोन आठवड्यांतून वेळेआधीच खाली ओढले आहे.

पहिल्या काही दिवसांत चेहरा तुकतुकीत का दिसला, हेही यातूनच कळते. वरच्या सैल पापुद्र्यांमुळे प्रकाश इतस्ततः विखुरतो. ते निघाले की पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एकसारखा परततो. तो परिणाम खरा होता, पण तिथेच थांबायला हवे होते. पुढे घासत राहिल्याने चुना कमी झाला, पाणी उडू लागले आणि त्वचा ताणल्यासारखी वाटू लागली. संवेदनेचे मोकळे तंतू अंतस्त्वचेतून थेट बाह्यत्वचेच्या वरच्या जिवंत पदरांपर्यंत आलेले असतात; त्यांच्यावरचे आवरण झिजल्यामुळे एरवी निरुपद्रवी असणाऱ्या गोष्टीही त्यांना टोचू लागतात. काटेरी पोटथरात लांब हात पसरून बसलेल्या पहारेकरी पेशीही असतात. पॉल लांगरहान्स यांनी 1868 साली, वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच, त्यांचे वर्णन केले. भिंतीतून परकी द्रव्ये आत येऊ लागली की या पहारेकऱ्यांमार्फत प्रतिकारयंत्रणा सावध होते, आणि लाली व जळजळ सुरू होते. एकदा भिंत फुटली की त्वचा डागडुजीला काही तासांतच लागते, पण रोज नव्याने तीच भिंत फुटत असेल तर ती घाईघाईने पेशी वर ढकलू लागते. त्यांतल्या काहींना केंद्रक विरघळवण्याइतकाही वेळ मिळत नाही. अशा अर्धवट तयार पेशींची भिंत खरखरीत आणि गळकी होते. जिला तुम्ही नवी त्वचा समजून खाली शोधत आहात, ती तिथे खरोखर आहे, मात्र अजून कच्ची आहे. ती पक्की होऊन आपल्या वेळेला वर येऊ देण्यातच तिचे नवेपण टिकते.

गालांवरच्या तपकिरी छटेचे मूळही पायाच्या थरात आहे. तिथे केराटिनच्या पेशींमध्ये अधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. एक रंगपेशी आपल्या फांद्यांनी आसपासच्या साधारण 36 पेशींपर्यंत पोहोचते आणि त्यांना मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण देते. ते कण त्या पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे जमा होतात आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून आतील जनुकद्रव्य वाचवतात. जगातील गोऱ्या आणि सावळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो कणांच्या आकाराने, प्रमाणाने आणि ते किती काळ टिकतात यामुळे. म्हणजे ज्याला आपण काळवंडणे म्हणतो, ते रंगपेशींच्या दृष्टीने संरक्षणाचे काम आहे. घासण्यामुळे आणि आम्लामुळे दाह झाला, की त्या अधिक मेलॅनिन बनवतात. दाह खोल गेला तर काही मेलॅनिन अंतस्त्वचेत सांडते, तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि घेऊन बसतात. असा डाग जायला फार वेळ लागतो. उजळपणासाठी सुरू केलेल्या घासण्याने चेहरा डागाळला, हे मी अनेक रुग्णांमध्ये पाहिले आहे आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्यांच्या मेहनतीत काहीच कमी नसते. तुमची छटा तपकिरी आहे, करडी किंवा निळसर नाही, यावरून ती बहुधा वरच्या थरांतच असावी. दाह थांबला आणि उन्हापासून संरक्षण मिळाले तर ती काही महिन्यांत फिकी पडेल, अशी आशा ठेवायला जागा आहे.

आम्लाच्या द्रावणांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. ती विटांमधले सांधे सैल करतात आणि योग्य माणसाला, योग्य प्रमाणात, पुरेशा अंतराने दिली तर मुरुमांवर किंवा खडबडीत त्वचेवर त्यांचा उपयोग होतो. घासणी आणि आम्ल एकाच आठवड्यात एकाच चेहऱ्यावर वापरणे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

कोलॅजेनच्या प्रश्नासाठी आपल्याला बाह्यत्वचा ओलांडून खाली जावे लागेल. अंतस्त्वचा हे त्वचेचे खरे बळ आहे. पाणी वगळून उरणाऱ्या तिच्या वजनातले सुमारे तीन चतुर्थांश वजन एकट्या कोलॅजेनचे असते. त्याचे दोर आडवेतिडवे विणलेले असतात, त्यांच्यामधून ताण सोडल्यावर त्वचेला मूळ जागी आणणारे इलॅस्टिनचे तंतू गेलेले असतात आणि त्यांमधल्या जागेत पाणी धरून ठेवणारा गर भरलेला असतो. या दोरांची मुख्य दिशा शरीराच्या प्रत्येक भागात ठरलेली असते. कार्ल लांगर यांनी 1861 साली शवांच्या त्वचेवर टोचे मारून त्या दिशेचे नकाशे तयार केले, आणि चिरेचा व्रण बारीक राहावा म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी या रेषा आजही विचारात घेतल्या जातात. हे सगळे विणकाम अंतस्त्वचेतील तंतुजनक पेशी करतात. आता क्रीममधल्या कोलॅजेनकडे पाहू. एखादा रेणू कॉर्नियमच्या भिंतीतून पलीकडे जायचा असेल तर तो साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) लहान असावा लागतो, असे 2000 साली मांडले गेले आणि हा ठोकताळा व्यवहारात बराच खरा ठरतो. अखंड कोलॅजेनचा रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा असतो. ज्या फटीतून मुंगीने कसेबसे जावे तिथून हत्तीने जाण्यासारखे ते आहे. त्याचे बारीक तुकडे केलेली क्रीमही त्वचेत शिरून तुमच्या दोरांमध्ये आपोआप विणली जात नाही, कारण विणण्याचे काम फक्त जिवंत पेशी करू शकतात. त्यामुळे कोलॅजेनची क्रीम भिंतीवर ओलावा धरून ठेवते, त्वचा मऊ लागते, आणि तिचे काम तिथेच संपते. तेवढ्यासाठी ती वापरायला हरकत नाही, पण तेवढेच काम कोणतेही साधे मॉइश्चरायझर करते.

अंतस्त्वचेतले कोलॅजेन वाचवायचे असेल तर ऊन टाळणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण बहुतांशी बाह्यत्वचेतच शोषले जातात आणि त्वचा भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ‘अ’ प्रकारचे किरण मात्र अंतस्त्वचेपर्यंत उतरतात, खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात येतात आणि भाजल्याची जाणीव न होता वर्षानुवर्षे दोर तोडत राहतात. तंतुजनक पेशींना नवे कोलॅजेन बनवायला प्रवृत्त करणारे ट्रेटिनॉइनसारखे औषध उपलब्ध आहे आणि त्याचा रेणू भिंत ओलांडण्याइतका लहान आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे औषध आहे, गरोदरपणात ते टाळतात, आणि तुमच्या आजच्या चेहऱ्यावर ते लावणे म्हणजे फुटलेल्या भिंतीवर आणखी एक घाव घालणे होईल. त्याचा विचार त्वचा पूर्ण शांत झाल्यावर करावा.

रक्तवाहिन्या, स्पर्श आणि दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोके, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, केसांची मुळे, ही सगळी अंतस्त्वचेतच नांदतात. केसांच्या मुळांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बरे होण्याशी तिचा थेट संबंध आहे. केसाच्या मुळाभोवतीचे अस्तर म्हणजे खाली खोल गेलेली बाह्यत्वचाच असते. त्यामुळे खरचटून वरची त्वचा पूर्ण निघाली तरी मुळांपाशी तिची बेटे शिल्लक राहतात आणि तिथून पेशी पसरत जाऊन जखम व्रणाशिवाय भरू शकते. जखम मुळांच्याही खाली गेली तर ही बेटे नाहीशी होतात, जखम फक्त कडेने भरत येते आणि जागा कोलॅजेनच्या घाईने बांधलेल्या गाठोड्याने बुजवली जाते. त्यालाच आपण व्रण म्हणतो. तुमचे नुकसान फार वर, कॉर्नियम आणि त्याच्या खालच्या काही पदरांपुरते आहे. पाया शाबूत आहे. म्हणून तुम्ही बऱ्या व्हाल, याबद्दल मला शंका नाही.

चरबीच्या थराबद्दल थोडक्यात एवढेच की तो ऊब राखतो, धक्के झेलतो आणि साठ्याचे काम करतो. इन्शुलिनची सुई याच थरात देतात, तर बीसीजीची लस त्याच्या वर, अंतस्त्वचेत टोचतात.

आता पुढचे चार ते सहा आठवडे काय करायचे ते पाहू. चेहरा दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने आणि हाताच्या बोटांनी धुवा. साधा साबण चेहऱ्याला लावू नका. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू साधारण 4.5 ते 5.5 असतो, तर बहुतेक साबणांचा सामू 9 ते 10 असतो. पृष्ठभाग अल्कधर्मी झाला की विटांचे सांधे कापणारी विकरे जास्त जोराने काम करतात आणि चुना बनवणारी मंदावतात. त्यामुळे साबणरहित, सुगंधरहित, सौम्य क्लिन्झर घ्या, आणि सकाळी तर नुसते पाणीही पुरे. टॉवेलने टिपा, चोळू नका. त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेले सुगंधरहित मॉइश्चरायझर लावा. तेही झोंबत असेल तर काही दिवस पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात पुरे. दिवसा झिंक ऑक्साइड असलेले, एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन वापरा आणि ते तुटपुंजे लावू नका, कारण बाटलीवरचा आकडा भरपूर जाड हाताने लावलेल्या थरासाठी असतो. या काळात नवे काहीही सुरू करू नका, मग ते कितीही नैसर्गिक म्हणून सांगितलेले असो. लिंबाचा रस हेही आम्लच आहे. झोंबणे पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवे. मधल्या काळात त्वचेवर पापुद्रे दिसतील आणि ते घासून काढण्याचा मोह होईल. तो आवरा.

एका गोष्टीपासून मात्र तुम्हाला हात जोडून सावध करतो. लाली आणि डाग या दोन्हींवर पटकन गुण देणारी म्हणून कुणीतरी तुम्हाला स्टेरॉइड मिसळलेली क्रीम देईल. तिने आठवड्याभरात चेहरा नितळ दिसतो, हे खरे आहे. पण चेहऱ्यावर ती आठवडेच्या आठवडे लावल्यास तंतुजनक पेशी मंदावतात, अंतस्त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या कायमच्या दिसू लागतात आणि क्रीम थांबवली की लाली दुपटीने उसळते. क्रीमच्या घटकांमध्ये क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. त्वचेतून पाणी पाझरू लागले, पिवळ्या खपल्या धरल्या, पापण्या किंवा चेहरा सुजला, फोड आले, ताप आला, किंवा दोन आठवडे सगळे बंद ठेवूनही झोंबणे तसेच राहिले, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तुमच्या आईचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण त्याकडे तुमच्या चेहऱ्याइतकेच लक्ष द्यायला हवे. बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्यामधली सीमा सपाट नसते. दोन्हींना उंचवटे आणि खोलगट भाग असतात आणि एकमेकांत गुंतवलेल्या बोटांप्रमाणे ते परस्परांना धरून ठेवतात. बोटांच्या ठशांची रेषारेषांची नक्षी याच गुंत्यातून गर्भावस्थेत उमटते. वय वाढते तसे हे उंचवटे सपाट होत जातात आणि पकड सैल पडते. त्यातच अंतस्त्वचेतले कोलॅजेन कमी झालेले असते, हाताच्या मागच्या बाजूची चरबी उतरलेली असते आणि आधार गेल्यामुळे बारीक रक्तवाहिन्या जराशा दाबानेही फुटून जांभळे डाग पडतात. त्यामुळे सरळ बसलेल्या धक्क्यापेक्षा घसटून जाणारा धक्का आईच्या त्वचेला अधिक जड जातो. दोन पदर एकमेकांवरून सरकतात आणि वरचा पदर पडद्यासारखा सुटतो. ती पोटातून स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर हा त्रास वाढतो. ती औषधे स्वतःहून बंद करू नका, पण तिच्या डॉक्टरांच्या कानावर हे नक्की घाला.

तिच्या हातापायांना सकाळ-संध्याकाळ मॉइश्चरायझर लावा. एवढ्या साध्या उपायाने अशा जखमांचे प्रमाण कमी होते, असे दिसून आले आहे. लावताना केसांच्या दिशेने हलका हात फिरवा. तिला उठवताना मनगटाला धरून ओढू नका, तळहात तिच्या कोपराखाली आणि पाठीमागे ठेवून आधार द्या. तिला मऊ, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, तुमची नखे आणि अंगठ्या सांभाळा, आणि तिच्या त्वचेवर चिकटपट्टी कधीही थेट लावू नका. तरीही कातडी सुटली तर सुटलेला पडदा कापून टाकू नका, कारण तिच्या जखमेवर त्याहून चांगले आवरण दुसरे नाही. स्वच्छ पाण्याने जखम हलकेच धुवा, रक्त थांबेपर्यंत स्वच्छ कापडाने दाबून धरा, ओल्या बोटाने किंवा ओल्या कापसाने तो पडदा न ताणता जागेवर सारा आणि त्यावर न चिकटणारी पट्टी ठेवून सैल बँडेज बांधा. पडदा जागेवर पूर्ण येत नसेल, रक्त थांबत नसेल किंवा धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पट्टी बांधून झाली की तिच्यावर पेनने एक बाण काढा, पडद्याच्या जोडलेल्या बाजूकडून सुट्या कडेकडे जाणारा. पुढच्या वेळी पट्टी सोडणारी व्यक्ती कुणीही असो, ती बाणाच्या दिशेनेच सोडली म्हणजे जागेवर बसलेला पडदा पुन्हा उचकटणार नाही.